पिचर ठेवावा की बदलावा?

बेसबॉलचा सामना नऊ डावांचा असतो. पहिल्या सहा डावांत संघाच्या मॅनेजरकडे फारसे कुणाचे लक्ष नसते. सातव्या डावापासून मात्र चित्र पालटते. दमलेला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, आणखी किती काळ टिकेल, त्याच्या जागी कोणाला आणावे, समोरच्या बलाढ्य फलंदाजाला चेंडू टाकावा की त्याला सरळ पहिला बेस बहाल करून पुढच्याशी सामना करावा, असे प्रश्न एकामागून एक उभे राहतात. त्यांची उत्तरे मॅनेजरला काही सेकंदांत द्यावी लागतात. त्या उत्तरांवर पुढे वर्षानुवर्षे वाद झडतात. काही वेळा एखाद्या मॅनेजरची कारकीर्दच त्या एका उत्तराने ओळखली जाते.

अमेरिकेतील बेसबॉलप्रेमींच्या या आवडत्या वादाच्या मुळाशी एक गंभीर प्रश्न आहे. निर्णयाचे मोल त्याच्या परिणामावरून ठरवावे, की तो घेताना हाती असलेल्या माहितीवरून? २००३ ते २०२४ या काळातील काही सामने हा प्रश्न फार स्पष्टपणे समोर ठेवतात.

मॅनेजरच्या हाती काय असते?

क्रिकेटमध्ये गोलंदाजीतील बदल मैदानावरचा कर्णधार करतो. एका षटकानंतर बाजूला केलेला गोलंदाज अर्ध्या तासाने पुन्हा आणता येतो. बेसबॉलमध्ये ही मुभा नाही. सर्व निर्णय मॅनेजर मैदानाबाहेरील डगआउटमध्ये बसून घेतो आणि एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. म्हणून पिचर बदलण्याचा निर्णय हा मागे न घेता येणारा निर्णय असतो.

सामना सुरू करणारा पिचर साधारणपणे ९० ते १०० चेंडू टाकतो. त्याच्यानंतर येणारे राखीव पिचर मैदानालगतच्या ‘बुलपेन’ नावाच्या जागेत सज्ज होत असतात. त्यांना सज्ज व्हायलाही काही मिनिटे लागतात. त्यामुळे बदल करायचा की नाही, याचा विचार मॅनेजरला संकट येण्यापूर्वीच सुरू करावा लागतो. पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावर, म्हणजे माउंडवर, जाऊन मॅनेजर त्याच्याशी बोलू शकतो. पण त्याच डावात त्याच पिचरकडे दुसऱ्यांदा गेल्यास त्याला बदलावेच लागते.

याखेरीज डाव्या-उजव्या हाताचे गणितही असते. सामान्यतः डावखुऱ्या फलंदाजाला डावखुरा पिचर अवघड जातो. उजव्या हाताच्या फलंदाजाला उजव्या हाताचा. पूर्वी केवळ एका फलंदाजापुरता पिचर आणण्याची पद्धत होती. २०२० पासून प्रमुख व्यावसायिक स्पर्धेत, म्हणजे मेजर लीगमध्ये, प्रत्येक पिचरने किमान तीन फलंदाजांना चेंडू टाकावेत किंवा डाव संपवावा, असा नियम झाला. दुखापत किंवा आजार एवढाच त्याला अपवाद. त्यामुळे चुकीच्या बदलाची किंमत आणखी वाढली.

२००३ : विश्वासाची किंमत

१६ ऑक्टोबर २००३. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर बोस्टन रेड सॉक्स आणि न्यूयॉर्क यांकीज या परंपरागत प्रतिस्पर्ध्यांत अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेतील सातवा आणि निर्णायक सामना सुरू होता. विजेता संघ वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे देशाच्या अजिंक्यपदासाठीच्या मालिकेत, जाणार होता. बोस्टनने हे अजिंक्यपद शेवटचे मिळवले होते १९१८ मध्ये. पंच्याऐंशी वर्षांच्या त्या प्रतीक्षेचे ओझे शहराच्या मनावर होते.

बोस्टनचा पिचर होता पेड्रो मार्टिनेझ. त्या पिढीतील सर्वश्रेष्ठ पिचरांत त्याची गणना होते. सात डाव संपले तेव्हा त्याचे सुमारे १०० चेंडू टाकून झाले होते. सातव्या डावात जेसन गियाम्बीने त्याला त्या रात्रीचा दुसरा होम रन मारला होता. तो डाव संपवून परतताना मार्टिनेझने आकाशाकडे बोट दाखवले. आपले काम संपल्यावर तो नेहमी करीत असे, तीच ही खूण. पाठोपाठ डेव्हिड ऑर्टिझच्या होम रनने बोस्टनची आघाडी ५-२ झाली. बुलपेनमधील माइक टिमलिन आणि डावखुरा अ‍ॅलन एम्ब्री हे दोघेही त्या बाद फेरीत उत्तम लयीत होते.

मॅनेजर ग्रेडी लिटल यांनी आठव्या डावासाठी मार्टिनेझलाच पुन्हा पाठवले. पहिला फलंदाज बाद झाला. वर्ल्ड सीरिज आता केवळ पाच बाद दूर होती आणि बोस्टनच्या विजयाची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक होती. त्यानंतर डेरेक जीटरने दोन बेसचा फटका मारला. बर्नी विल्यम्सच्या फटक्यावर जीटर धाव पूर्ण करून गेला. ५-३.

लिटल माउंडवर गेले. समोर येणार होता डावखुरा हिदेकी मात्सुई आणि बुलपेनमध्ये डावखुरा एम्ब्री सज्ज होता. मार्टिनेझचे ११५ चेंडू झाले होते. लिटल यांनी त्याला विचारले, तुझ्यात अजून ताकद आहे का? मार्टिनेझने होकार दिला. लिटल त्याला माउंडवर ठेवून परतले.

मात्सुईने दोन बेसचा फटका मारला. त्याच्यानंतर होर्हे पोसादाने मारलेला फटका जोरकस नव्हता. चेंडू मध्यभागी, क्षेत्ररक्षकांच्या अधल्यामधल्या मोकळ्या जागेत पडला. पण दोन धावा झाल्या. ५-५. मार्टिनेझने १२३ चेंडू टाकले होते. आता लिटल यांनी त्याला बदलले. मग आलेल्या एम्ब्री आणि टिमलिन यांनी त्या डावात आणखी धाव होऊ दिली नाही. जे आधी करायला हवे होते ते यशस्वी झाले असते, याचा जणू पुरावाच मिळाला. अकराव्या डावात एरन बूनने टिम वेकफिल्डच्या पहिल्याच चेंडूवर होम रन मारून यांकीजला ६-५ असा विजय मिळवून दिला.

२७ ऑक्टोबर २००३ रोजी बोस्टनने लिटल यांच्याशी नवा करार न करण्याचा निर्णय जाहीर केला. दोन हंगामांत त्यांनी संघाला ९३ आणि ९५ असे एकूण १८८ विजय मिळवून दिले होते. निर्णय एका सामन्यावरून घेतलेला नाही, असे व्यवस्थापनाने सांगितले. लोकांच्या स्मरणात मात्र तो एकच सामना राहिला. पुढच्याच वर्षी टेरी फ्रॅन्कोना यांच्या मार्गदर्शनाखाली बोस्टनने अजिंक्यपद पटकावले.

लिटल यांची बाजू अगदीच लंगडी नव्हती. संघातील सर्वोत्तम खेळाडू स्वतः ‘मी समर्थ आहे’ म्हणत असताना त्याला बाजूला कसे करायचे, हा त्यांचा प्रश्न होता. हंगामभर खेळाडूंशी जोडलेले विश्वासाचे नाते हीच त्यांची मॅनेजर म्हणून पुंजी होती. परंतु एक गोष्ट त्यांच्या विरोधात जाते. शंभर चेंडूंनंतर मार्टिनेझ पूर्वीइतका प्रभावी राहत नाही, हे त्याच्या हंगामातील कामगिरीवरून दिसत होते आणि ही माहिती संघाजवळ सामन्यापूर्वीच होती. शिवाय दमलेल्या खेळाडूला ‘दमलास का’ असे विचारले, तर अभिमानी खेळाडूचे उत्तर काय येणार, हे विचारण्यापूर्वीच ठाऊक असते.

आकड्यांचा शिरकाव

हा वाद २००३ मध्येच इतका पेटावा, हा योगायोग नव्हता. याच वर्षी मायकल लुईस यांचे ‘मनीबॉल’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. तुटपुंज्या पैशांत ओकलंडच्या संघाने आकडेवारीच्या आधारे श्रीमंत संघांशी कशी झुंज दिली, याची ही कथा. त्याआधी काही महिने बोस्टनने बिल जेम्स यांना सल्लागार म्हणून घेतले होते. जेम्स यांनी १९७० च्या दशकापासून बेसबॉलमधील रूढ समजुती आकड्यांवर घासून पाहण्याचे काम केले होते. म्हणजे ज्या संघाने नव्या विचाराला दार उघडले, त्याच संघाच्या डगआउटमध्ये जुन्या पद्धतीने माणूस पारखणारा मॅनेजर बसला होता.

आकडेवारीने शेवटच्या डावांतील अनेक समजुतींना धक्का दिला. आपल्या फलंदाजाने मुद्दाम हलका फटका मारून स्वतः बाद व्हावे आणि पहिल्या बेसवरील सहकाऱ्याला दुसऱ्या बेसवर न्यावे, ही जुनी शहाणी चाल मानली जाई. हिशेब सांगतो, की कोणीही बाद नसताना पहिल्या बेसवर खेळाडू असेल, तर त्या डावात सरासरी ०.९ च्या आसपास धावा होतात. एक बाद आणि खेळाडू दुसऱ्या बेसवर असेल, तर सुमारे ०.७. बाद होणे हे संघाचे भांडवल असते आणि ही चाल ते स्वस्तात खर्चते. एकाच धावेची निकड असेल आणि फलंदाज दुबळा असेल, तेव्हाच ती काही प्रमाणात समर्थनीय ठरते.

दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा. एकाच सामन्यात फलंदाज त्याच पिचरला तिसऱ्यांदा सामोरा जातो, तेव्हा त्याची कामगिरी सरासरीने सुधारते. पिचरचा थकवा हे त्याचे एक कारण. दुसरे कारण ओळखीचे : चेंडूचा वेग, वळण आणि पिचरचा डावपेच दोन वेळा पाहून झालेला असतो. हा निष्कर्ष हळूहळू संघांच्या धोरणाचा पाया बनला आणि उत्तम लयीत असलेले पिचरही लवकर बाहेर काढले जाऊ लागले.

२०१६ : एक न वापरलेला, एक अति वापरलेला

४ ऑक्टोबर २०१६ रोजी टोरोंटोमध्ये बाल्टिमोर ओरिओल्स आणि टोरोंटो ब्लू जेज यांच्यात एकाच सामन्याची बाद लढत झाली. बाल्टिमोरकडे त्या वर्षीचा सर्वांत भेदक राखीव पिचर होता, झॅक ब्रिटन. विजय राखण्याच्या ४७ संधी त्याला मिळाल्या आणि त्याने ४७ ही राखल्या. सामना २-२ असा बरोबरीत अकराव्या डावात गेला. मॅनेजर बक शोवॉल्टर यांनी एकामागून एक पिचर आणले. ब्रिटनला मात्र संघ आघाडीवर गेल्यावर वापरायचे म्हणून राखून ठेवले. उबाल्डो हिमेनेझच्या चेंडूवर एडविन एन्कार्नासियोनने तीन धावांचा होम रन मारला आणि बाल्टिमोरचा हंगाम संपला. ब्रिटन बुलपेनमध्येच राहिला.

या चुकीमागे एका आकड्याचाच हात होता. आघाडी राखून सामना संपवणाऱ्या पिचरच्या नावावर ‘सेव्ह’ नोंदवला जातो. १९६९ पासून त्याची अधिकृत नोंद होते. या नोंदीने एक रूढी जन्माला घातली : सर्वोत्तम राखीव पिचर आघाडी असतानाच, शेवटच्या डावात आणायचा. पाहुण्या संघासाठी बरोबरीतील प्रत्येक जादा डाव धोक्याचा असतो, कारण यजमानांची एक धावही सामना संपवते. अशा वेळी सर्वांत चांगले शस्त्र म्यानात ठेवणे तर्काला धरून नाही. येथे उपलब्ध माहितीही निर्णयाच्या विरोधात होती आणि परिणामही. वाद त्यामुळे फारसा उरला नाही.

त्याच वर्षीच्या वर्ल्ड सीरिजमध्ये शिकागो कब्जचे मॅनेजर जो मॅडन यांच्याबाबतीत उलट घडले. त्यांनी आपला वेगवान पिचर आरोल्डिस चॅपमन याला पाचव्या सामन्यात ४२ चेंडू टाकायला लावले. सहाव्या सामन्यात ७-२ अशी भक्कम आघाडी असतानाही त्याला आणून २० चेंडू टाकून घेतले. २ नोव्हेंबर रोजी सातव्या सामन्याच्या आठव्या डावात ६-३ अशी आघाडी घेऊन तोच चॅपमन आला, तेव्हा त्याच्या चेंडूत नेहमीची धार नव्हती. ब्रॅन्डन गायरचा फटका आणि मग राजाई डेव्हिसचा होम रन यांनी क्लीव्हलंडला ६-६ अशी बरोबरी साधून दिली. पुढे पावसाचा थोडा व्यत्यय आला आणि दहाव्या डावात शिकागोने ८-७ असा विजय मिळवला. १०८ वर्षांची प्रतीक्षा संपली. विजयोत्सवात मॅडन यांचे निर्णय झाकून गेले. तेच निर्णय पराभवानंतर त्यांना लिटल यांच्या पंक्तीला नेऊन बसवते झाले असते.

२०२० : आकड्याची किंमत

लिटल यांना निरोप मिळाल्याला सतरा वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, २७ ऑक्टोबर २०२० रोजी, टेक्सासमधील आर्लिंग्टन येथे वर्ल्ड सीरिजचा सहावा सामना खेळला गेला. लॉस एंजेलिस डॉजर्स मालिकेत ३-२ असे पुढे होते. टॅम्पा बे रेजला हा सामना जिंकणे भाग होते. रेज हा कमी पैशांत, आकडेवारीच्या शिस्तीवर चालणारा संघ. त्यांचा डावखुरा पिचर ब्लेक स्नेल त्या रात्री अप्रतिम खेळत होता. ७३ चेंडूंत त्याने नऊ फलंदाजांना स्ट्राइकआउट केले होते. डॉजर्सचे पहिले तीन फलंदाज मूकी बेट्स, कोरी सीगर आणि जस्टिन टर्नर त्याच्यापुढे प्रत्येकी दोनदा आले आणि सहाही वेळा स्ट्राइकआउट झाले.

सहाव्या डावात एक बाद असताना ऑस्टिन बार्न्सने साधा फटका मारून पहिला बेस गाठला. स्नेलने दिलेला तो सामन्यातील अवघा दुसरा फटका. रेज १-० असे पुढे होते. पुढचा फलंदाज होता बेट्स, तिसऱ्या वेळी. मॅनेजर केव्हिन कॅश माउंडकडे निघाले आणि स्नेलला बाहेर काढले. स्नेलची नाराजी त्याच्या चेहऱ्यावर उघड दिसली. निक अँडरसन आला. बेट्सने दोन बेसचा फटका मारला, अँडरसनच्या भरकटलेल्या चेंडूवर बार्न्सने धाव घेतली आणि सीगरच्या जमिनीवरून गेलेल्या फटक्यावर बेट्सही घरी आला. २-१. डॉजर्सने सामना ३-१ आणि त्याबरोबर १९८८ नंतरचे पहिले अजिंक्यपद जिंकले. स्नेल बाहेर गेल्याने हायसे वाटले, हे बेट्सने नंतर लपवले नाही.

कॅश यांनी लिटल यांच्या नेमके उलट केले आणि त्यांच्यावरही तितकीच टीका झाली. २००३ मध्ये आकडे न मानल्याबद्दल दोष दिला गेला; २०२० मध्ये आकडे मानल्याबद्दल. यावरून ‘जिंकलात तर शहाणे, हरलात तर मूर्ख’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण ते अर्धसत्य ठरेल.

कॅश यांच्या बाजूने बरेच काही होते. संघ याच पद्धतीने वर्ल्ड सीरिजपर्यंत पोहोचला होता. स्नेलने त्या हंगामात एकदाही सहा डाव पूर्ण केले नव्हते. बेट्ससारखा उजव्या हाताचा श्रेष्ठ फलंदाज डावखुऱ्या पिचरसमोर तिसऱ्यांदा येत होता. परंतु सर्वसाधारण सरासरी आणि समोरचा क्षण यांत फरक असतो. तिसऱ्या भेटीत फलंदाज वरचढ ठरतात, हे शेकडो पिचरांच्या हजारो भेटींचे सत्य आहे. त्यातील थकव्याचा भाग ७३ चेंडू टाकलेल्या स्नेलला फारसा लागू नव्हता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तुलना स्नेल आणि आदर्श पिचर यांच्यात नव्हती, स्नेल आणि अँडरसन यांच्यात होती. हंगामात चमकलेला अँडरसन बाद फेरीत थकला होता आणि त्याआधीच्या सलग सहा सामन्यांत त्याच्याविरुद्ध धावा झाल्या होत्या. हाही आकडाच होता.

निर्णय तपासावा कसा?

या घटनांतून निर्णय पारखण्याचे काही निकष हाती लागतात. पहिला, त्या क्षणी मॅनेजरला काय ठाऊक होते? पोसादाचा कमकुवत फटका मोकळ्या जागेत पडणार, हे कोणालाच ठाऊक नव्हते. मार्टिनेझ दमला आहे, हे दिसत होते. दुसरा, पर्याय कोणता होता? ‘याला काढायला हवे होते’ असे म्हणणाऱ्याने ‘आणि कोणाला आणायला हवे होते’ याचेही उत्तर दिले पाहिजे. तिसरा, रूढी पाळली ती विचाराने की सवयीने? शोवॉल्टर यांची ‘सेव्ह’ची रूढी आणि कॅश यांची तिसऱ्या भेटीची रूढी, एक जुनी, एक नवी, पण दोन्ही पाळताना समोरची परिस्थिती नजरेआड झाली. चौथा, परिणाम बाजूला ठेवून तोच निर्णय शंभर वेळा घेतला, तर किती वेळा फळेल?

भारतीय क्रिकेटरसिकांना हे अपरिचित नाही. २००७ च्या ट्वेंटी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात महेंद्रसिंग धोनीने शेवटचे षटक जोगिंदर शर्माला दिले. मिसबाह उल हकचा फटका श्रीशांतच्या हातात विसावला आणि तो निर्णय दूरदृष्टीचा ठरला. चेंडू थोडा लांब गेला असता, तर त्याच निर्णयाला वेगळे नाव मिळाले असते.

काळाचा एक वेगळाच न्याय या कथेत आहे. २००३ मध्ये ज्याच्या होम रनने लिटल यांच्या निर्णयावर शिक्का मारला, तो एरन बून २०१८ पासून यांकीजचा मॅनेजर झाला. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये वर्ल्ड सीरिजच्या पहिल्या सामन्यात यांकीज दहाव्या डावात ३-२ असे पुढे होते. एक बाद, दोन बेसवर डॉजर्सचे खेळाडू आणि समोर डावखुरा शोहेई ओहतानी. बून यांच्यापुढे दोन डावखुरे पिचर होते : नियमित खेळणारा टिम हिल आणि दुखापतीमुळे महिनाभराहून अधिक काळ सामना न खेळलेला नेस्टर कोर्टेस. त्यांनी कोर्टेसला आणले. ओहतानी पहिल्याच चेंडूवर बाद झाला. मग बून यांनी उजव्या हाताच्या बेट्सला मुद्दाम पहिला बेस देऊन डावखुऱ्या फ्रेडी फ्रीमनला समोर घेतले. हाताचे गणित बरोबर होते. फ्रीमनने कोर्टेसचा पहिलाच चेंडू प्रेक्षकांत भिरकावला आणि सामना ६-३ असा संपला. वर्ल्ड सीरिजमध्ये चार धावांच्या होम रनने सामना संपण्याची ती पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवसापासून हिल की कोर्टेस, हा वाद सुरू झाला. एकवीस वर्षांपूर्वी बॅट हाती घेऊन एका मॅनेजरचे भवितव्य ठरवणारा खेळाडू आता स्वतः त्या जागी उभा होता. डगआउटमधून माउंडपर्यंतचे अंतर काही पावलांचेच असते. ते चालून जाताना मॅनेजरजवळ आकडे असतात, अनुभव असतो, खेळाडूच्या डोळ्यांत दिसणारे काही असते. पुढच्या चेंडूचे काय होणार, हे मात्र नसते. टीकाकाराजवळ नेमके तेवढेच असते.